पाठांतराचं ओझं आणि डी४ वरचं एकटं प्यादं

‘काका, सप्रेम नमस्कार. वय ३६, राहणार तिलकनगर, इंदूर. नोकरी खासगी, घरी यायला रात्रीचे आठ होतात. लॉकडाउनमध्ये मोबाइलवर बुद्धिबळ सुरू झालं आणि आता महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रॅपिड स्पर्धा खेळतो. गंमत म्हणजे पांढरी मोहरी आली की मला जास्त धास्ती वाटते. रुय लोपेझ चौदाव्या चालीपर्यंत पाठ आहे. नायडॉर्फविरुद्ध इंग्लिश अटॅक पाठ आहे. ॲलेखाइन बचावावरचा चार तासांचा कोर्स पैसे देऊन घेतला आणि पूर्ण पाहिला. तरी समोरचा चौथ्या-पाचव्या चालीला भलतंच काहीतरी खेळतो आणि माझं डोकं कोरं होतं. गेल्या वर्षातल्या पांढऱ्याच्या ३१ डावांची यादी आणि शेवटच्या हरलेल्या डावाची स्कोअरशीट सोबत जोडली आहे. मित्र म्हणतात, सगळं सोड, डी४ ने सुरू होणारी लंडन ओपनिंग खेळ. रोज रात्री पाऊण तास देऊ शकतो. कोणत्या बचावाविरुद्ध काय खेळायचं, याची एक पक्की यादी द्याल का?’

तुमच्या पत्राआधी मी तुमची यादी वाचली आणि खरं सांगू, पत्रापेक्षा तीच जास्त बोलकी निघाली. तुम्ही ई४ (म्हणजे ई पट्टीच्या चौथ्या घरात प्यादं) खेळल्यावर ३१ पैकी १३ वेळा समोरून ई५ आलं, ८ वेळा सी५ (म्हणजे सिसिलियन), ४ वेळा सी६, ३ वेळा डी५, २ वेळा ई६ आणि एकदा जी६. ॲलेखाइन एकदाही नाही. चार तास, वर पैसे! असो, आम्ही सगळ्यांनीच असे उद्योग केलेत.

आता ती स्कोअरशीट. ई४, सी५. घोडा एफ३, घोडा सी६. डी४, मारामारी झाली, तुमचा घोडा डी४ वर आला आणि चौथ्या चालीला समोरच्या पोराने ई५ खेळलं. समासात तुम्ही घड्याळातली वेळ लिहून ठेवता, ही सवय फार चांगली. त्यावरून दिसतं की २५ मिनिटांच्या डावातली ११ मिनिटं या एका चालीवर गेली आणि शेवटी घोडा मुकाट्याने एफ३ वर परत आला. तुम्ही नायडॉर्फ शोधत होता, समोर उभा होता लोवेंथल, सिसिलियनचाच दुसरा फाटा. पण नाव माहीत नसलं तरी पट बघून एवढं दिसायला हवं होतं, की ई५ खेळल्यावर काळ्याचं डी६ चं घर राखायला प्यादं उरलेलं नाही. घोडा बी५ वर जाऊन डी६ वरून शह द्यायची धमकी देतो. तुम्ही चाल आठवत बसलात, म्हणून घर दिसलं नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. १९८६ साली उज्जैनच्या एका स्पर्धेत मी सिसिलियन ड्रॅगन पाठ करून गेलो होतो. समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा. खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याने ई४ केलं, मी रुबाबात सी५. मग त्याने सी-प्यादं एकच घर पुढे सरकवलं. सी३. मला वाटलं, चुकून हात लागला असेल. चावीचं घड्याळ टिकटिकत होतं, मी वीस मिनिटं त्या प्याद्याकडे बघत होतो. अठराव्या चालीला त्याने डी४ वरचं प्यादं डी५ वर ढकललं आणि माझा पट शिवण उसवावी तसा उसवला. बाहेर चहा घेताना त्याला विचारलं, बाळा, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, ‘बाबांना एवढंच येतं.’

त्या बाबांना मी कधी भेटलो नाही, पण पुढची सगळी वर्षं त्यांच्याच पद्धतीने शिकवत आलो. ओपनिंगच्या नावापेक्षा मी प्यादी कुठे उभी राहतात ते बघतो. पाच बचावांविरुद्ध पाच वेगळे पट खेळायला गेलात तर पाऊण तासात काय होणार? तोच प्याद्यांचा सांगाडा जास्तीत जास्त बचावांत मिळेल अशा वाटा निवडल्या, तर आज सिसिलियनमध्ये शिकलेलं उद्या कारो-कानमध्ये उपयोगी पडतं. यादी देतो, पण या एका अटीवर.

सांगाडा असा: पांढऱ्याचं डी४ वर प्यादं, शेजारी सी आणि ई या दोन्ही पट्ट्यांवर आपलं प्यादं नाही. काळ्याचं बहुधा ई६ वर, आणि त्याचंही सी-प्यादं गेलेलं. शिकवताना मी त्याला नुसतं ‘एकटं प्यादं’ म्हणतो.

सुरुवात सी५ पासून करतो, कारण तिथेच तुम्ही घायाळ आहात. दुसरी चाल सी३. हा अलापिन. काळ्याने डी५ खेळलं तर मारा, त्याचा वजीर डी५ वर येईल आणि तुम्ही डी४ करा. आता नेहमीसारखा घोडा सी३ वर आणून वजिराला हाकलता येत नाही, कारण तिथे आपलंच प्यादं बसलंय. ही या ओपनिंगची किंमत, आणि ती माहीत असलेली बरी. पुढे घोडा एफ३, उंट डी३ किंवा ई२, कॅसलिंग. काळ्याने सी५ ने डी४ वर मारलं की सी३ ने परत मारा. झालं, एकटं प्यादं उभं राहिलं आणि सी३ चं घर घोड्यासाठी मोकळंही झालं. काळा दुसऱ्या चालीला घोडा एफ६ खेळला तर ई५ ने त्याला डी५ वर पाठवा आणि डी४ करा. तो पुढे सी५ ने डी४ वर मारेल, डी६ ने ई५ फोडेल आणि फिरून डी४ वर एकटं प्यादंच राहील. नायडॉर्फ, ड्रॅगन, स्वेश्निकोव्ह आणि तुमचा तो लोवेंथल, सगळे एका फटक्यात दाराबाहेर.

ही ओपनिंग लहान मुलांची आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला १० फेब्रुवारी १९९६ चा फिलाडेल्फियातला डाव दाखवा. डीप ब्लू संगणक पांढरी मोहरी, समोर गॅरी कास्पारोव्ह. ई४, सी५, सी३, डी५. दहाव्या चालीला डी४ वर एकटं प्यादं तयार. तेविसाव्या चालीला संगणकाने ते डी५ वर ढकलून सोडूनच दिलं. बदल्यात कास्पारोव्हची प्यादी सगळीकडे सुटी पडली आणि ३७ व्या चालीला त्याने डाव सोडला. विद्यमान विश्वविजेत्याला संगणकाने स्पर्धेच्या नेहमीच्या वेळेत हरवल्याचा तो पहिला प्रसंग. (सामना मात्र कास्पारोव्हने ४-२ असा जिंकला. तेवढं विसरू नये.) हा डाव पटावर, हाताने मोहरी हलवून, किमान पाच वेळा खेळा. मोबाइलवर बोट फिरवून नाही.

सी६, म्हणजे कारो-कान. डी४, डी५, मारा, त्याने परत मारलं की चौथी चाल सी४. याला पानोव्ह हल्ला म्हणतात. पुढे दोन्ही घोडे सी३ आणि एफ३ वर. काळ्याने ई६ करून उंट ई७ किंवा बी४ वर आणला, की सी४ ने डी५ वर मारा. त्याच्या घोड्याने परत मारलं की आपला उंट डी३ वर. पट बघा. अलापिनमधलाच आहे की नाही? एक फाटा मात्र लक्षात ठेवा: काळा घोडा सी६ करून उंट जी४ वर आणतो. तिथे डी५ वर मारून वजीर बी३ वर आणायचा असतो आणि डाव लवकरच वजिरांशिवायच्या एंडगेमला लागतो. तो थोडा रुक्ष डाव आहे, पण वाईट नाही.

ई६, म्हणजे फ्रेंच. डी४, डी५, प्याद्यांची अदलाबदल आणि मग इथेही सी४. काळ्याने ते घेतलं तर उंटाने परत मारा, एकटं प्यादं मिळालं. शहाणा काळा लगेच घेत नाही, त्यामुळे हा रस्ता हमखास आहे असं मी म्हणणार नाही. फ्रेंचवाले मुळात चिवट असतात. २०२४ मध्ये सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या पहिल्याच डावात डिंग लिरेनने काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच खेळून गुकेशला हरवलं होतं. वर्षभराने हात बसला की तिसऱ्या चालीला घोडा डी२, म्हणजे टाराश, शिका. तिथे पुष्कळदा काळ्याच्याच डी५ वर एकटं प्यादं येतं आणि तुम्ही त्याच घरात मागच्या दाराने शिरता. ज्याचा हल्ला करायला शिकलात, त्याचाच बंदोबस्त कसा करायचा ते कळतं. पण ३१ पैकी दोन डावांसाठी आत्ता एवढं पुरे.

आता तुमचा मुख्य गिऱ्हाईक, ई५. रुय लोपेझ थोर आहे, वाद नाही. पण २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने रुय लोपेझला दिलेल्या बर्लिन बचावासमोर खुद्द कास्पारोव्हला पंधरा डावांच्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. आपण पाऊण तासवाली माणसं. घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४ ही इटालियन घ्या. काळ्याने उंट सी५ केलं तर सी३, त्याच्या घोडा एफ६ ला डी४. तो मारेल, तुम्ही सी३ ने परत मारा, तो बी४ वरून उंटाचा शह देईल. मध्ये उंट डी२ घाला. इथे एक गोष्ट पाठच करा: हावरट काळा घोड्याने ई४ वर मारतो. तुम्ही बी४ चा उंट मारा, त्याच्या घोड्याने परत मारू द्या आणि मग उंटाने एफ७ वर मारून शह. राजाने मारलं की वजीर बी३ वरून राजाला शह आणि बी४ च्या घोड्यावर नेम, दोन्ही एकदम. मोहरं परत आणि काळ्याचा राजा रस्त्यावर. समजूतदार काळा मात्र उंट बदलून डी५ खेळतो, तुम्ही मारता, त्याचा घोडा डी५ वर बसतो आणि तुमचं डी४ चं प्यादं पुन्हा एकटं. या जागी काळा भक्कम असतो, संगणक बरोबरी दाखवतो. दाखवू दे. तुमच्या स्पर्धेत समोर संगणक बसत नाही.

तिसऱ्या चालीला काळ्याने उंटाऐवजी घोडा एफ६ केलं तर डी३ खेळून शांत राहा. तिथे आपला सांगाडा मिळत नाही. ओढूनताणून आणू नका.

राहिलं डी५ आणि जी६. स्कँडिनेव्हियनमध्ये मारा, वजीर बाहेर आला की घोडा सी३ वर आणून त्याला हाकला (इथे सी३ मोकळं आहे, अलापिनशी ताडून बघा), मग डी४ आणि सरळ मोहरी बाहेर काढा. जी६ ला डी४, घोडा सी३, उंट ई३, वजीर डी२, उंट एच६. बास.

जी६ वरून आठवलं. आमच्या आजोबांच्या वेळी रामबागेत देशी पद्धतीने पट मांडत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार. मग जी३, बी३ करून उंट कोपऱ्यात बसवणं आलंच. १८५० च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेनविरुद्ध काळ्याने असेच डाव खेळत, आणि ‘इंडियन’ म्हणवणाऱ्या बचावांची नावं तिथूनच आली. सुलतान खानही देशी पद्धतीत वाढलेला. ओपनिंगचा अभ्यास जेमतेम, तरी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं आणि ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकलं. कोरं डोकं घेऊन बसणारे तुम्ही पहिले नाही. फक्त त्याच्याकडे मधला डाव होता. तुमच्याकडेही तो यावा म्हणून तर हा एकच सांगाडा.

म्हणजे खरा अभ्यास इथून सुरू होतो. एकट्या प्याद्याचं भांडवल काय? ते ई५ आणि सी५ या घरांवर पहारा देतं, त्यामुळे ई५ वर आपला घोडा जाऊन बसतो. सी आणि ई पट्ट्या मोकळ्या असतात, हत्तींना काम मिळतं. उणीव काय? त्याला राखायला दुसरं प्यादं नाही, आणि पुढचं डी५ हे घर काळ्याच्या घोड्याला आंदण मिळतं. म्हणून पटावर गर्दी असेपर्यंत ते प्यादं धन आहे. दोन-तीन हलकी मोहरी (घोडे-उंट) बदलली गेली की ऋण. तुमची यादी पाहिली तर तुम्हाला बदलाबदलीची फार हौस दिसते. ‘सोपं होतं’ म्हणून करता ना? या डावात ती हौस महाग पडेल.

मांडणी डोळ्यांसमोर आणा. उंट डी३ वरून सी२ वर, वजीर डी३ वर, दोघांचा रोख एच७ वर. जी५ वर दुसरा उंट, ई५ वर घोडा, हत्ती ई१ आणि डी१. काळा घाबरून जी६ खेळतो. बरेच जण इथे त्याच भिंतीवर डोकं आपटत राहतात. अहो, जी६ झालं म्हणजे आपलं अर्धं काम झालं! राजाभोवतीची काळी घरं उघडी पडली, एच६ वर उंट जाऊ शकतो. आणि सी२ च्या उंटाची ड्यूटी आता संपली. त्याला बी३ वर न्या. तिथून तो डी५ वर बघतो आणि ई६ च्या आडून एफ७ वर. आता दर चालीला एकच मोजणी करायची: डी५ वर माझे किती, त्याचे किती. हिशेब जमला त्या क्षणी प्यादं पुढे. हल्ल्याचा दुसरा नमुना पाहायचा असेल तर बोटविनिक-विडमार, नॉटिंगहॅम १९३६. तिथे बोटविनिकने डी५ ढकललंच नाही, एफ-प्यादं एफ५ पर्यंत नेलं आणि ई५ च्या घोड्याने एफ७ वर मारून डाव मोडला.

लंडनबद्दल मित्र वाईट सल्ला देत नाहीत. २०२३ मध्ये अस्तानाला डिंगने नेपोम्नियाचीविरुद्ध सहावा डाव लंडननेच जिंकला, आणि रोज तेच तेच म्हणून नावं ठेवावीत तर इंदूरच्या माणसाने रोज सकाळी पोहे खात ते बोलू नये. पण तुमच्या हरलेल्या डावांत मला एक गोष्ट दिसली: मोहरी मोकळी असली की तुम्ही बऱ्या चाली शोधता, पट तुंबला की चुकता. म्हणून ई४ सोडू नका, एवढंच. आणि मोबाइलवर दिसणारे ते सात चालींत मात देणारे ट्रॅप म्हणजे जिरावण मसाला. पोह्यांवर भुरभुरायचं, वाटीभर खायचं नसतं.

पाऊण तासाचं काय करायचं? एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक बचावाला समोरासमोरची दोन पानं. डावीकडे आठ चाली, जास्त नाही. उजवीकडे प्रत्येक चाल का, ते एका मराठी वाक्यात. वाक्य सुचलं नाही तर ती चाल तुम्हाला येत नाही, मग ती पंचविसाव्या चालीपर्यंत पाठ असो. वही भरायला तीन आठवडे पुरतील. त्यानंतर ओपनिंगला आठवड्यात दोनच रात्री. उरलेल्या रात्री एकट्या प्याद्याचा पट मांडून घरात कुणाशी तरी खेळा, एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने. काळ्याने खेळताना डी५ वर घोडा बसवून मोहरी बदलत सुटा, म्हणजे समोरच्याला नेमकं काय हवं असतं ते अंगवळणी पडेल. कुणीच नसेल तर रविवारी सकाळी रामबागेत या. माझ्याकडची पोरं तुम्हाला डी५ ढकलू देणार नाहीत.

स्पर्धेनंतर संगणकाला एकच प्रश्न विचारायचा: मी वहीबाहेर कुठे पडलो आणि तिथे काय करायला हवं होतं? ती एक ओळ वहीत चढवा आणि संगणक बंद करा.

पुढच्या स्पर्धेची स्कोअरशीट नक्की पाठवा, जिंकलात तरी. आणि अक्षर जरा सुवाच्य काढा. एका जागी तुमचा ई मी सी वाचला आणि रात्री अर्धा तास पटावर नसलेलं प्यादं शोधत बसलो, शेवटी सौ. विचारायला आल्या, काय हरवलंय म्हणून.